दुपारी साडेचारचं २६८ : एका ‘मेन्स हेल्थ’ क्लिनिकचा अनुभव

क्लिनिकला पाचपैकी दीड स्टार. त्यातला अर्धा एसीचा आणि एक रक्त काढणाऱ्या मुलीचा. तिचा हात हलका होता, सुई टोचलेली कळलीसुद्धा नाही.

नाव लिहीत नाही, कारण मला कोर्टाच्या पायऱ्या चढायच्या नाहीत. पिंपरी-चिंचवडमध्ये आहे एवढं पुरे. ज्यांच्या मोबाइलवर ‘चाळिशीनंतर दम संपतोय?’ अशी रील रात्री अकरा वाजता येते, त्यांना अंदाज येईलच.

मी भोसरी एमआयडीसीत ऑटो पार्ट्सच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. बावीस वर्षं मापं घेण्यात गेली. वय ४८, उंची पाच फूट सात इंच, वजन तेव्हा ९६ किलो, शुगर पाच वर्षांपासून. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात असं व्हायला लागलं की सकाळी उठलो की वाटायचं, आत्ताच झोपलो होतो ना? दुपारी तर डोळे उघडे ठेवायचा त्रास. आमच्याकडे ग्रॅनाइटची सरफेस प्लेट आहे. तिच्यावर कुणी चहाचा कप जरी ठेवला तरी मी त्याची खरडपट्टी काढतो. एके दिवशी तिच्यावरच डोकं टेकून झोपलेला मी सापडलो. सुपरवायझरने फोटो काढून ग्रुपवर टाकला.

दुसरी गोष्ट लिहायला जरा जड जातंय. बायकोजवळ जावं असं वाटेनासं झालं होतं. भांडण नाही, अबोला नाही. पाठ करून झोपायचं, आणि तिलाही बरंच वाटत असेल अशी स्वतःची समजूत घालायची. सकाळी जे आपोआप व्हायचं तेही बंद. हे कुणाला सांगणार? लहानपणी रेल्वेने दौंडला आजोळी जाताना रुळालगतच्या भिंतींवर ‘गुप्तरोग, निराश होऊ नका’ असं रंगवलेलं दिसायचं आणि आम्ही पोरं फिदीफिदी हसायचो. आता माझ्यासाठी तीच भिंत मोबाइलमध्ये आली होती, फक्त अक्षरं सुबक आणि बोलणारा माणूस सूटबुटातला.

फर्स्ट शिफ्ट साडेतीनला सुटली. नाशिक फाट्याजवळ मिसळ खाल्ली, वर चहा घेतला आणि साडेचारला क्लिनिकमध्ये. काळे सोफे, काचेचं दार, भिंतीवर दंड फुगवलेल्या गोऱ्या माणसाचं पोस्टर. आधी दहा प्रश्नांचा फॉर्म. जेवल्यावर झोप येते का? चिडचिड वाढली आहे का? कामातला उत्साह कमी झाला आहे का? अहो, हा फॉर्म आमच्या अख्ख्या नाइट शिफ्टला दिला तर वॉचमनसकट सगळे नापास होतील. (नंतर कळलं की असा दहा प्रश्नांचा फॉर्म खरंच वैद्यकात आहे. पण तो संशयितांना गोळा करण्यापुरता. थकलेला, उदास, झोप न झालेला, असा कुणीही त्यात अडकतो.)

दोन दिवसांनी रिपोर्ट. टोटल टेस्टोस्टेरॉन, म्हणजे रक्तातलं एकूण पुरुषी हार्मोन, २६८ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर. आकड्याभोवती लाल पेनने गोल. ब्लेझर घातलेला पंचविशीतला कौन्सेलर. प्रत्येक वाक्यात दोनदा ‘सर’. “सर, तीनशेच्या खाली म्हणजे सर, इंजिनात ऑइल नाही.” पॅकेज सहा महिन्यांचं, ३८,५०० रुपये, ईएमआय चालेल. दर पंधरा दिवसांनी इंजेक्शन, सोबत कसल्याशा पावडरचा डबा आणि डाएट चार्ट. डॉक्टर आले, मी घड्याळ बघितलं, चार मिनिटांत गेले. मुलं किती, आणखी हवीत का, घोरता का, लघवीला त्रास होतो का, शुगरशिवाय कुठल्या गोळ्या चालू आहेत, यातलं काहीही विचारलं नाही. मी मुंडी हलवली आणि दोन हजार बुकिंगचे भरून आलो. हो, भरले. त्या क्षणी मला कुणीतरी ‘तुझा दोष नाही, ऑइल कमी आहे’ असं सांगत होतं आणि ते फार बरं वाटत होतं.

डोक्यात प्रकाश पडला तो दुसऱ्या दिवशी, तोही ट्रेनी पोरावर ओरडताना. त्याने टर्निंगवरून निघालेली गरम शाफ्ट तशीच उचलून मायक्रोमीटरमध्ये धरली आणि ‘साहेब, ओव्हरसाइज आहे’ म्हणून रिजेक्टच्या लाल ट्रेमध्ये टाकली. मी त्याला म्हटलं, अरे बाबा, माप २० डिग्रीला घ्यायचं असतं. गरम जॉब फुगलेला असतो. थंड होऊ दे, परत मोज, मग बोल. आणि बोलता बोलता माझाच आवाज खाली आला. मी स्वतःचा जॉब कधी मोजून घेतला होता? मिसळ-पाव पोटात, दिवसभराची शिफ्ट अंगात, संध्याकाळ व्हायला आलेली. एकदाच. आणि डायरेक्ट लाल ट्रे.

आमचे दिघीचे डॉक्टरकाका, ज्यांनी माझ्या मुलीचे सगळे डोस दिले, त्यांनी रिपोर्टवरची वेळ बघितली आणि कागद तसाच परत केला. हे हार्मोन पहाटे-सकाळी सगळ्यात जास्त असतं आणि दिवस कलतो तसं उतरतं. पोटात अन्न, विशेषतः साखर गेली की आणखी उतरतं. ताप, जागरण, आजारपण असलं तरी उतरतं. म्हणून सकाळी सात ते दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी, आणि दोन वेगवेगळ्या दिवशी मोजायचं. दोन्ही वेळा कमी आलं आणि त्रासही असला तरच पुढचं बोलायचं. त्यांनी मला पुण्यातल्या एका एंडोक्रायनॉलॉजिस्ट (हार्मोनच्या डॉक्टर) बाईंच्या नावे चिठ्ठी दिली. बाई म्हटल्यावर मी चाचरलो. काका म्हणाले, “मग काय झालं? साखर दाखवायला जातोस असं सांग घरी.”

लॅबचा रिव्ह्यू थोडक्यात : सव्वासातला उघडतात, सातला रांग असते, रिपोर्ट संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर. चार स्टार, पार्किंगमुळे एक कापला. पहिल्या सकाळी ३५२. तीन आठवड्यांनी ३३१. यंत्र वेगळं, लॅब वेगळी, हे धरूनही मिसळीनंतरच्या २६८ पेक्षा हे दोन आकडे एकमेकांच्या शेजारचे. बाईंनी आणखी काही तपासण्या करायला लावल्या होत्या : एलएच आणि एफएसएच (मेंदूकडून वृषणांना हुकूम देणारी हार्मोनं), प्रोलॅक्टिन (आणखी एक हार्मोन), एसएचबीजी (टेस्टोस्टेरॉन बांधून ठेवणारं प्रथिन), पीएसए (प्रोस्टेटची तपासणी), सीबीसी (रक्तपेशींची मोजणी). केसांसाठी वगैरे बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर दोन-तीन दिवस आधी बंद करा, काही यंत्रांना त्या फसवतात, असंही फोनवर सांगितलं होतं. मला केसच नाहीत, त्यामुळे प्रश्न नव्हता.

आता बाईंचा दवाखाना. फी १,२०० रुपये, थांबणं दोन तास दहा मिनिटं. बाकं स्टीलची, पंख्याचा आवाज येतो. वेटिंगमध्ये बहुतेक थायरॉइडच्या बायका, पुरुष आम्ही दोघंच. दुसरा चाकणचा तिशीतला मुलगा. त्याने आपणहून सांगितलं. मेंदूच्या तळाशी पिट्युटरी नावाची ग्रंथी असते, तिथे गाठ होती, ऑपरेशन झालं. त्यानंतर त्याचं टेस्टोस्टेरॉन नव्वदच्या आसपास. दाढी वाढेना, हातापायात जोर नाही, हाडांची तपासणी खराब. गेले दीड वर्ष त्याला तीन महिन्यांतून एकदा कमरेत मोठं इंजेक्शन असतं. “काका, मी परत माणसात आलो,” म्हणाला. हे मुद्दाम लिहितोय. क्लिनिकवर राग आहे म्हणून औषधालाच शिव्या घालणाऱ्यांतला मी नाही. ज्याची टाकी खरोखर कोरडी आहे त्याला पाणी लागतंच, आणि ते बहुधा जन्मभर.

टाकीचा विषय बाईंनीच काढला. मी इंजेक्शनचं विचारलं तर म्हणाल्या, “तुमच्या सोसायटीत टँकर येतो ना?” येतो, मार्चपासून. “टँकरने टाकी भरली की बॉलकॉक वर जातो आणि महापालिकेच्या लाइनचं पाणी आत येणं बंद होतं. बरोबर?” तसंच. बाहेरून हार्मोन दिलं की पिट्युटरीला वाटतं, भरपूर आहे. ती एलएच आणि एफएसएच पाठवणं थांबवते. वृषणं स्वतःचं उत्पादन बंद करतात, शुक्राणू घटतात, कधी कधी शून्यावर येतात. टँकर थांबवला की लाइन लगेच सुरू होत नाही, महिने लागतात, आणि त्या काळात माणूस पहिल्यापेक्षा जास्त गळून जातो. ज्याला मूल हवंय त्याने तर या वाटेला जाऊच नये, त्याच्यासाठी वेगळी औषधं असतात. हे ऐकताना मला माझा भाचा आठवला. वाकडच्या जिममध्ये जातो, लग्न ठरलंय, आणि दंड जरा जास्तच वेगाने वाढलेत. त्याच रात्री त्याला फोन केला. तो म्हणाला, मामा तू काळजी करू नको. म्हणजे घेतोय.

मग माझे आकडे. एलएच ४.१, म्हणजे वरून हुकूम नीट येतोय. प्रोलॅक्टिन ठीक. एसएचबीजी १४, कमी. हा भाग समजायला मला वेळ लागला, म्हणून माझ्या भाषेत सांगतो. रक्तातलं बरंचसं टेस्टोस्टेरॉन प्रथिनांना बांधलेलं असतं, एसएचबीजीला तर घट्ट. ट्रकमध्ये बांधून ठेवलेल्या मालासारखं. लाइनवर वापरायला मिळतो तो सुटा माल, आणि तो अगदी थोडा, दोन-तीन टक्के. ‘टोटल’च्या आकड्यात ट्रकमधला मालही मोजला जातो. पोट सुटलं, इन्सुलिन नीट काम करेनासं झालं की ट्रकच कमी होतात. मग टोटल कमी दिसतं, पण सुटा माल पुरेसा असू शकतो. माझा हिशेबाने काढलेला सुटा माल मर्यादेत होता. खालच्या बाजूला, पण टॉलरन्सच्या आत. सीबीसीमध्ये हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तात लाल पेशींचा वाटा किती टक्के, ५०. इथे बाई थांबल्या आणि विचारलं, “घोरता का?”

मी म्हटलं, थोडंसं. शेजारी बसलेली बायको (हो, तिला शेवटी सांगितलं होतं, आणि तिने एवढंच विचारलं की एकट्याने दोन हजार कशाला घालवले) म्हणाली, “मॅडम, हे घोरतात तेव्हा परवडतं. मधेच आवाज बंद होतो ना, तेव्हा मी उठून बसते.”

गेली चार वर्षं ती उठून बसत होती. मला माहीतच नव्हतं.

तरीही मी इंजेक्शनचा विषय सोडला नाही. थकलेला माणूस सोपं उत्तर सोडत नाही. बाईंनी हिडीसफिडीस केलं नाही, उलट सगळं टेबलावर मांडलं. युरोपात ४० ते ७९ वयाच्या पुरुषांचा मोठा अभ्यास झाला, २०१० साली छापून आला. त्यात नीट कसोट्या लावल्यावर वयाबरोबर येणारी खरी कमतरता शंभरात दोघांना निघाली. आणि क्लिनिकच्या सोफ्यावर बसलेल्या सगळ्यांना? असो. ६५ वर्षांवरच्या ७९० पुरुषांवर अमेरिकेत प्रयोग झाला, २०१६ साली निकाल आला. कामेच्छा सुधारली, मध्यम प्रमाणात. मनःस्थिती जराशी. अंगातला उत्साह, ज्यासाठी मी गेलो होतो, त्यात मात्र म्हणावा असा फरक नाही. हृदयाची भीती बरीच वर्षं होती. २०२३ साली पाच हजारांहून जास्त, हृदयाचा धोका असलेल्या पुरुषांचा अभ्यास आला. हार्ट अॅटॅक आणि पक्षाघात औषधाने वाढले नाहीत. पण हृदयाचे ठोके अनियमित होणं, फुफ्फुसात गुठळी, किडनीला अचानक त्रास हे औषधवाल्यांत जास्त दिसलं. शुगरवाल्यांसाठी एक गोष्ट बाजूनेही आहे : ऑस्ट्रेलियात जाड आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या पुरुषांना दोन वर्षं इंजेक्शन आणि वजन कमी करण्याचा कार्यक्रम दोन्ही दिले, तर मधुमेह कमी जणांना झाला. पण त्याच अभ्यासात इंजेक्शन घेणाऱ्या शंभरातल्या बावीस जणांचं हिमॅटोक्रिट ५४ ला टेकलं किंवा वर गेलं. ५४ ही वरची रेघ. तिथे औषध थांबवायचं, कारण रक्त दाट होतं. माझं काही न घेता ५० होतं, आणि घोरण्यात श्वास अडकत असला तर रक्त दाट होऊ शकतं. त्यावर हे इंजेक्शन म्हणजे आधीच वरच्या मर्यादेला चाललेल्या जॉबवर आणखी प्लेटिंग.

प्रकारही समजावले. पंधरा-वीस दिवसांनी घ्यायची इंजेक्शनं स्वस्त, पण दोन-तीन दिवसांत आकडा आभाळाला आणि पुढच्या डोसाच्या आधी जमिनीला. त्या झोक्याबरोबर माणसाचा मूडही झोके घेतो. तीन महिन्यांचं, चाकणच्या मुलाला चालू होतं ते, चक्क एरंडेल तेलात असतं. हजार मिलिग्रॅम, चार मिली, कमरेत हळूहळू देतात आणि नंतर अर्धा तास बसवून ठेवतात, कारण क्वचित तेल फुफ्फुसाकडे जाऊन खोकल्याची उबळ येते. जेल रोज खांद्याला लावायचं, आकडा स्थिर राहतो, पण हात धुवायचे, जागा झाकायची. घरातल्या बाईच्या किंवा लहान मुलाच्या अंगाला ते लागता कामा नये. आणि काहीही घेतलं तरी तीन-सहा महिन्यांनी हिमॅटोक्रिट, पीएसए, टेस्टोस्टेरॉन तपासायचं. क्लिनिकच्या ३८,५०० मध्ये यातली एकही तपासणी नव्हती. पावडरचा डबा होता. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला त्या इंजेक्शनचं विचारलं तर काही शे रुपयांत मिळतं म्हणाला, “पण चिठ्ठी आणा साहेब, हे शेड्यूल एच आहे.”

झोपेची तपासणी घरी झाली. बोटाला, नाकाला, छातीला वायरी लावून झोपायचं. तासाला २७ वेळा श्वास अडकत होता. म्हणजे साधारण दर सव्वादोन मिनिटांनी एकदा. रात्रभर मला कुणीतरी पंधरा-तीस सेकंद पाण्यात दाबून धरत असल्यासारखं, आणि मी सकाळी विचारत होतो की ताजंतवानं का वाटत नाही.

सीपॅप मशीनला (झोपेत मास्कमधून हवा देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं यंत्र) साडेतीन स्टार. ४२ हजार, इन्शुरन्सने दिले नाहीत. पहिला महिना भयंकर. मास्क लावून पडलो तर मुलगी म्हणाली, “बाबा, आपल्या गावच्या डेअरीत म्हशींना लावतात ना, तसं दिसतंय.” नाकावर वळ, तोंड कोरडं. पण बाराव्या-तेराव्या दिवशी दुपारी दोन वाजता मी जागा होतो, नुसता जागा, कॉफीशिवाय. बाईंनी स्पष्ट केलं होतं की मशीनने झोप सुधारेल, टेस्टोस्टेरॉन मशीनने वाढतं असं समजू नका, ते वजनाने हलेल. म्हणून शुगरची गोळी बदलली, रात्रीची भाकरी दोनावरून एकावर आली, आणि जेवणाच्या सुट्टीत शेडभोवती पाच फेऱ्या. अकरा महिन्यांत ९६ चे ८६. तीन महिन्यांची शुगर ८.१ वरून ६.७. हिमॅटोक्रिट ४७. टेस्टोस्टेरॉन, सकाळी साडेसात, उपाशीपोटी : ४३१.

बाकीचं? पंचविशीतलं काही परत आलेलं नाही, आणि कुणी आणून देतो म्हणाला तर पाकीट सांभाळा. पण पाठ करून झोपणं संपलं. मास्क लावायच्या आधी अर्धा तास आता आमचा असतो. कधी नुसत्या गप्पा, कधी नाही. वर्षभराने पुन्हा मोजायचं ठरलंय, आकडा पडला आणि त्रासही असला तर जेलचा विचार करू असं बाई म्हणाल्यात. दार बंद केलेलं नाही.

बाईंना साडेचार स्टार. अर्धा कापला तो त्या दोन तास दहा मिनिटांसाठी.

क्लिनिकचे दोन हजार परत मिळाले नाहीत, पावतीच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरांत ‘नॉन-रिफंडेबल’ आहे. फोन मात्र दर शनिवारी येतो. परवाही आला. “सर, गुढीपाडव्याची ऑफर आहे सर, चाळीस टक्के. तुमचं अजून २६८ दिसतंय सर.”

मी म्हटलं, आता ४३१ आहे.

पलीकडे कीबोर्डची टकटक झाली. मग तो म्हणाला, “सर, ते सकाळचं असेल.”